बातमीत नाव नसलेली बाई

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त महिला मंडळाच्या सत्रात झालेल्या भाषणाचे शब्दांकन. बोलण्याच्या ओघात आलेली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मी काही मोठी वक्ती नाही. बावीस वर्षे बालवाडीत मुलांना अक्षरे गिरवायला शिकविली, तेवढीच माझी पुंजी. समितीच्या मंडळींनी सांगितले, "बाई, तुम्ही एकदा निवडणूक लढविली आहे, त्यावर बोला." मी म्हटले, मी तर पडले होते. पडलेल्या माणसाने काय सांगायचे? तेव्हा आपले अध्यक्ष म्हणाले, "पडलेल्यालाच खड्डा नेमका कुठं आहे ते ठाऊक असतं." म्हणून उभी राहिले आहे.

१९९७ साली महानगरपालिकेच्या निवडणुकीत आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव निघाला. वस्तीच्या आग्रहावरून मी फॉर्म भरला. मी आणि मंडळाच्या चौघीजणी घरोघर फिरलो आणि एका वहीत सगळे लिहून काढले. किती घरांमागे किती नळ, पाणी किती वाजता येते, बायकांच्या संडासाला दारे किती शिल्लक आहेत, बालवाडीचे छप्पर कुठे गळते. ती वही म्हणजे माझा जाहीरनामा.

एके दिवशी एका स्थानिक वर्तमानपत्राचा वार्ताहर घरी आला. सोबत फोटोग्राफर. मी वही काढून बसले. वार्ताहराने पहिला प्रश्न विचारला, "मिस्टरांची परवानगी आहे ना?" दुसरा प्रश्न, "निवडून आलात तर घरचं कोण बघणार?" तिसरा प्रश्न, "मुलं किती, केवढी?" मी वही उघडली तोवर त्यांचा चहा संपला होता. फोटोग्राफर म्हणाला, "ताई, जरा गॅसजवळ उभ्या राहा, हातात पातेलं घ्या, फोटो चांगला येईल." आणि खरे सांगते, मी उभी राहिले. घरी आलेल्या पाहुण्याला नाही कसे म्हणायचे?

दोन दिवसांनी बातमी आली. मथळा होता, अमुक अमुक कामगार पुढाऱ्याची पत्नी रिंगणात. खाली पातेल्यासकट मी. आमच्या यजमानांनी चष्मा लावून पूर्ण बातमी वाचली आणि म्हणाले, "अगं, माझं नाव तीनदा आलंय. तुझं कुठाय?" माझे नाव फोटोखाली बारीक अक्षरात होते, तेही चुकीचे. शेजारच्या वॉर्डातल्या पुरुष उमेदवाराची बातमी त्याच पानावर होती. त्यांनी दिलेली पाच आश्वासने एकाखाली एक क्रमांक घालून छापली होती. त्यांना मुले किती, ते कोणी विचारले नव्हते. माझ्या वहीतला एक नळसुद्धा छापून आला नाही.

मी पडले ती काही त्या एका बातमीमुळे नव्हे. माझ्याजवळ पैसा नव्हता, अनुभव नव्हता. पण कित्येक वर्षे मनात एक सल राहिला, की कदाचित माझ्याच बोलण्यात काही कमी असेल. मी नीट सांगितले असते तर त्यांनी छापले असते.

हा सल कसा गेला ते आता सांगते. माझी मुलगी एम.ए. करीत असताना ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकांतून अमेरिकेतल्या एका बाईंची हकिकत मला वाचून दाखवायची. त्यांचे नाव शर्ली चिझम. आपल्यापैकी फार थोड्यांनी ते ऐकले असेल. मी त्यांना शर्लीबाई म्हणते, कारण त्याही माझ्यासारख्या बालवाडीच्याच बाई.

त्यांचा जन्म १९२४ सालचा, न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागातला. आईबाप वेस्ट इंडीजकडून आलेले कष्टकरी काळे लोक. आई शिवणकाम करायची, लोकांच्या घरची कामे करायची. मुलगी शिकली. दिवसा बालवाडीत शिकवायचे आणि पुढचे शिक्षणही घ्यायचे असे करून तिने कोलंबिया विद्यापीठाच्या शिक्षक महाविद्यालयातून एम.ए. केले. कोलंबिया हे नाव आपल्या घराघरांत पोचलेले आहे. १९१३ साली बाबासाहेब याच विद्यापीठात गेले होते.

१९६४ साली शर्लीबाई न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळात निवडून गेल्या. मग १९६८ साल आले. ब्रुकलिनमधल्या बेडफर्ड-स्टायव्हेसंट या वस्तीचा लोकसभेसारख्या तिथल्या काँग्रेससाठी नवा मतदारसंघ तयार झाला. बहुतेक काळ्या आणि गरीब लोकांची वस्ती. शर्लीबाई आपल्या पक्षातल्या दोन प्रतिस्पर्ध्यांना हरवून उमेदवार झाल्या. समोर उभे राहिले जेम्स फार्मर. हे गृहस्थ साधेसुधे नव्हते. काळ्या लोकांच्या हक्कांसाठी तुरुंगात गेलेले, देशभर नाव झालेले पुढारी. दोघांची बहुतेक मतेही सारखीच होती, दोघेही व्हिएतनामच्या युद्धाच्या विरोधात. तेव्हा फरक दाखवायचा कसा? फार्मर यांच्या बाजूने प्रचार सुरू झाला की राजधानीत पुरुषाचा आवाज हवा. ढोल वाजवत तरुण मुलांच्या गाड्या फिरू लागल्या.

बंधुभगिनींनो, इथे मला थोडे थांबायचे आहे. हा प्रचार गोऱ्या माणसाने केलेला नव्हता. ज्याने स्वतः भेदभाव सोसला, त्याच्याच गोटातून तो आला. हे लक्षात ठेवा, आपल्याला पुन्हा इथे यायचे आहे.

आता वर्तमानपत्रांनी काय केले ते ऐका. 'न्यूयॉर्क टाइम्स' म्हणजे जगातले एक मोठे वर्तमानपत्र. ऑक्टोबर १९६८ मध्ये त्यांनी या लढतीची बातमी दिली. तिच्या मथळ्याचा अर्थ आपल्या भाषेत असा होतो: 'बेडफर्ड-स्टायव्हेसंटच्या चुरशीच्या लढतीत फार्मर आणि बाई'. पुरुषाला नाव आहे. तिच्या जागी नुसते 'बाई'. ती विधिमंडळाची सदस्य, त्याच भागात वाढलेली, शिकवलेली. फार्मर तर त्या मतदारसंघातले मूळचे रहिवासीही नव्हते. तरी ते फार्मर, आणि ही बाई.

माझ्या मुलीने हे वाचले तेव्हा मी पोळ्या लाटत होते. मी म्हटले, परत वाच. तिने परत वाचले. त्या दिवशी माझा सल गेला. मनात म्हटले, अगं, एवढ्या मोठ्या शहरात, एवढ्या शिकलेल्या बाईचे नाव गाळले गेले, तर तुझ्या बोलण्यात कमी होती असे कशाला मानतेस? कमी विचारणाऱ्यांच्या नजरेत होती.

पुढे काय झाले? त्याच उन्हाळ्यात शर्लीबाईंच्या पोटातली गाठ काढण्याचे ऑपरेशन झाले होते. विरोधक विचारू लागले, कुठे आहेत त्या? तशा अशक्त अवस्थेत त्या घराबाहेर पडल्या, गाडीवर ध्वनिक्षेपक लावला आणि गल्लीगल्लीत स्वतःच ओरडून सांगू लागल्या की लढणारी शर्ली चिझम आली आहे. वर्तमानपत्र नाव छापत नाही ना, मग मीच घेते माझे नाव! त्या भागात महिला मतदारांची संख्या पुरुषांपेक्षा जास्त आहे हे त्यांनी ओळखले होते. शाळेतल्या पालकांच्या सभा, चर्चमधली बायकांची मंडळे, त्यांच्या घरगुती बैठका, सगळीकडे त्या गेल्या. स्पॅनिश बोलणाऱ्या लोकांशी स्पॅनिशमध्ये बोलल्या. निकाल लागला तेव्हा फार्मर यांच्या अडीचपट मते शर्लीबाईंना होती. अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये निवडून गेलेल्या त्या पहिल्या काळ्या महिला.

पण गोष्ट इथे संपत नाही. २५ जानेवारी १९७२ रोजी त्यांनी राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मिळविण्यासाठी उभे राहत असल्याचे ब्रुकलिनमध्ये जाहीर केले. हेच ते १९७२ साल, ज्या वर्षी आपल्या मुंबईत तरुणांनी अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन दलित पँथर उभी केली. तिकडच्या काळ्या चळवळीची बातमी आपल्यापर्यंत आली, पण शर्लीबाईंची आली नाही. का आली नाही, याचाही विचार करा.

त्या दिवशी रात्रीच्या दूरचित्रवाणीच्या बातम्यांत वॉल्टर क्राँकाइट नावाच्या तिथल्या सर्वांत नामांकित निवेदकाने ही बातमी दिली. तिकडे निवडणुकीला उभे राहण्याला टोपी रिंगणात टाकणे असे म्हणतात. क्राँकाइट म्हणाले की आज एक नवी टोपी, छे, बॉनेट रिंगणात पडले आहे. बॉनेट म्हणजे बायकांनी हनुवटीखाली फीत बांधून घालायची जुन्या पद्धतीची टोपी. आपल्याकडची लहान मुलाची कुंची डोळ्यांसमोर आणा. लोक हसले असतील. त्यात शिवी नव्हती, अपमानाचा शब्द नव्हता. नुसता विनोद. पण त्या एका विनोदाने ऐकणाऱ्याला सांगितले, की ही बातमी फार मनावर घेऊ नका.

मग त्या लढाईभर त्यांच्याबद्दल एकच सूर राहिला, की ह्या काय निवडून यायच्या आहेत, ह्यांची उमेदवारी नावापुरती. निवडून येणार नाही म्हणून बातमी द्यायची नाही, आणि बातमी नाही म्हणून लोकांना माहीत नाही, आणि माहीत नाही म्हणून मत नाही. हे चक्र नीट पाहा. दूरचित्रवाणीवर उमेदवारांचे वादविवाद झाले, त्यांत त्यांना घेतले नाही. त्या गप्प बसल्या नाहीत, कायद्याची लढाई दिली, आणि शेवटी थोडा वेळ बोलायला मिळाला. जुलै १९७२ मध्ये पक्षाच्या अधिवेशनात त्यांना १५२ प्रतिनिधींची मते पडली. उमेदवारी दुसऱ्याला गेली. पुढे त्यांनी अनेकदा सांगितले, की काळी म्हणून जेवढा अडथळा झाला त्याहून जास्त अडथळा बाई म्हणून झाला.

आता मला सांगा, या काळात त्यांचे काम काय चालले होते? दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी, झाडलोट करणाऱ्या बायकांना किमान वेतनाच्या कायद्यात आणावे म्हणून त्या झटत होत्या. १९७४ साली ती दुरुस्ती झाली. आपल्या वस्तीतल्या किती आयाबहिणी ते काम करतात! अशी बातमी आपल्या उपयोगाची, की बॉनेटची? त्या १९८३ पर्यंत काँग्रेसमध्ये होत्या, १ जानेवारी २००५ रोजी वारल्या, आणि २०१५ साली त्या देशाने त्यांना मरणोत्तर सर्वोच्च नागरी सन्मान दिला. जिवंतपणी मथळ्यात नाव नाही आणि मेल्यावर पदक!

तुम्ही म्हणाल, ताई, अमेरिकेचे पुराण पुरे, आपले बोला. बोलते. मी इथे कोणत्याही पक्षाचा प्रचार करीत नाही. पण ३ जून १९९५ रोजी मायावती उत्तर प्रदेशच्या मुख्यमंत्री झाल्या. देशातल्या पहिल्या दलित महिला मुख्यमंत्री, त्याही मूळच्या शिक्षिका. चार वेळा त्या मुख्यमंत्री झाल्या. २००७ साली ४०३ पैकी २०६ जागा त्यांच्या पक्षाने स्वतःच्या बळावर आणल्या. आता डोळे मिटा आणि आठवा, त्यांच्याबद्दल आपण वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवर काय वाचले, काय पाहिले? पर्स. हिऱ्याचे दागिने. वाढदिवसाचा केक. केस कसे कापले. लग्न का नाही केले. त्यांच्या राज्यात शाळा किती निघाल्या, दलितांवरच्या अत्याचाराचे गुन्हे नोंदले गेले की नाही, हे कितीजणांना आठवते?

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर कोणी म्हणेल की बाई आहे म्हणून हिला टीकाच नको. टीका हवीच. पुतळ्यांवर आणि स्मारकांवर सरकारी पैसा किती खर्च झाला, हा प्रश्न रास्त आहे आणि तो कोणत्याही मुख्यमंत्र्याला विचारलाच पाहिजे. कारभाराचा हिशेब मागणे म्हणजे भेदभाव नव्हे. पण कारभाराचा हिशेब मागता मागता केसांचा हिशेब मागू लागलात, की तिथे तुमची नियत कळते.

ओळखायचे कसे? मी एक सोपी युक्ती सांगते, मुलींना शाळेत गणिताचा ताळा करायला शिकवतो तशी. बातमीतल्या बाईचे नाव काढा आणि तिथे पुरुषाचे नाव घाला. 'अमुकराव फिकट निळ्या शर्टात प्रसन्न दिसत होते. तीन मुलांचे वडील असलेले अमुकराव घर सांभाळून प्रचार करतात. त्यांना पत्नीची परवानगी आहे.' बघा, तुम्ही हसलात! जी ओळ पुरुषाबद्दल वाचताना हसू येते, ती बाईबद्दल वाचतानाही हास्यास्पदच असली पाहिजे. ताळा जुळला नाही, तर गणित चुकले आहे.

भगिनींनो, वर्तमानपत्राने नाव गाळणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला दुसऱ्या कोणी सांगायला नको. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढला तो कशासाठी? इतरांच्या पत्रांत आपल्या प्रश्नांना जागा नव्हती म्हणून. पैसे देऊनही 'मूकनायक'ची जाहिरात छापायला 'केसरी' तयार झाला नव्हता. ज्यांना छापले जात नाही ते मुके ठरतात, हे बाबासाहेबांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखले. त्याच बाबासाहेबांनी २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत हजारो बायकांसमोर सांगितले, की समाजाची प्रगती मी त्या समाजातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो.

मग आता आपण आपलेच माप घेऊ या. मघाशी मी म्हटले होते की पुन्हा इथे यायचे आहे. जेम्स फार्मरच्या गोटात जे झाले ते आपल्या घरात होत नाही काय? मागच्या एका कार्यक्रमाची निमंत्रणपत्रिका माझ्याजवळ आहे. त्यात पुरुषांची नावे आहेत, प्रत्येकापुढे पद आहे. आणि सगळ्यात खाली काय आहे? 'आणि महिला मंडळ'. फार्मर आणि बाई! तीनशे लोकांचा स्वयंपाक केलेल्या, वर्गणी गोळा केलेल्या चौदा बायकांची नावे बसायला त्या कार्डावर जागा नव्हती. हे कोणत्या भांडवलदाराच्या पेपराने छापलेले नाही, आपणच छापले आहे. मी कोणावर राग धरून बोलत नाही. त्या पत्रिकेचे प्रूफ मीच वाचले होते, आणि मलाही काही खटकले नाही.

त्याहून मोठी चूक मला आज तुमच्यासमोर कबूल करायची आहे. आपल्याच वस्तीतली एक मुलगी, तिचे नाव मी आत्ता घेत नाही कारण तिने अजून जाहीर केलेले नाही, येत्या निवडणुकीत उभे राहायचे म्हणते आहे. ती मला भेटायला घरी आली. हातात फाइल, फाइलीत गटारांचे फोटो, अर्जांच्या पोचपावत्या. मी तिला बसवले, पाणी दिले आणि विचारले, "मिस्टर काय म्हणतात?" तिने माझ्याकडे पाहिले आणि फाइल हळूच पिशवीत ठेवली. १९९७ साली मी माझी वही जशी मिटली होती, अगदी तशी. रात्रभर मला झोप लागली नाही. सकाळी तिच्या घरी गेले आणि म्हटले, बाळा, काल मी चुकले, फाइल काढ.

म्हणून आज माझ्या चार मागण्या आहेत. पहिली, या स्मरणिकेत आणि यापुढच्या प्रत्येक पत्रिकेत बाईचे नाव तिचे स्वतःचे, पूर्ण आणि शुद्ध छापावे. दुसरी, निवडणुकीच्या काळात कोणत्याही बाई उमेदवाराबद्दल ताळा न जुळणारी बातमी दिसली, की महिला मंडळाने संपादकाला पत्र लिहावे. शिवीगाळ नको. एवढेच विचारावे, की हाच प्रश्न तुम्ही पुरुषाला विचारला काय? दहा पत्रे गेली की अकराव्या वेळी वार्ताहर वही उघडतो. तिसरी, मोबाइलवर बाई उमेदवाराच्या कपड्यांवर, चारित्र्यावर जे येते ते पुढे ढकलू नका. आता प्रत्येकाच्या खिशात छापखाना आहे, तेव्हा प्रत्येकजण संपादक आहे. आणि चौथी मागणी पुरुष मंडळींना. बायको निवडून आली तर खुर्चीवर तिला बसू द्या आणि पत्रकार आला तर म्हणा, "त्यांनाच विचारा, मी चहा टाकतो." आमचे यजमान हे शिकले, तुम्हालाही जमेल.

आज महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना निम्म्या जागा आहेत. २०२३ साली लोकसभा आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा राखून ठेवणारी घटनादुरुस्तीही झाली, ती जनगणना आणि मतदारसंघांची पुनर्रचना झाल्यावर लागू करण्याची तरतूद आहे. २०२४ च्या लोकसभेत ५४३ पैकी ७४ महिला निवडून आल्या. म्हणजे दारे हळूहळू उघडत आहेत. पण कायदा खुर्ची देतो, नाव देत नाही. नाव आपल्याला द्यावे लागते, आधी घरात, मग विहारात, मग पेपरात.

माझी १९९७ ची वही अजून पेटीत आहे. त्यातले अर्धे नळ आज आहेत, अर्धे नाहीत. ती वही मी त्या मुलीला दिली आहे. ती उभी राहील तेव्हा तिला मत द्या की देऊ नका, तो तुमचा अधिकार आहे. पण तिला पहिला प्रश्न पाण्याचा विचारा.



जयभीम!